टीमसाठी स्क्रीन रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर निवडताना: माझा अनुभव

पुण्यातली सपोर्ट टीम आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे ग्राहक यांच्यात साडेनऊ ते साडेदहा तासांचं अंतर आहे. ‘हे बटण दाबलं की ही एरर येते’ एवढं दाखवायला रोज रात्री मीटिंग लावणं कुणालाच झेपत नाही. स्क्रीन रेकॉर्ड करून तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला, की समोरचा त्याच्या सकाळी पाहतो. अशा कामासाठी सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर ठरवून द्यायचं होतं. रेकॉर्डिंग तर सगळीच करतात, म्हणून आम्ही आधी तीन गोष्टी पाहिल्या: व्हिडिओ राहतो कुठे, उघडू शकतो कोण, आणि उद्या सॉफ्टवेअर सोडलं तर तो बाहेर काढता येतो का.

सुरुवात मशीनवर आधीपासून असलेल्या साधनांपासून केली. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये स्क्रीनचा हवा तेवढा चौकोन निवडून रेकॉर्डिंग होतं. विंडोज, ऑल्ट आणि आर दाबून चालणारा गेम बार मात्र एका वेळी एकच ॲप टिपतो. डेस्कटॉप किंवा फाइल एक्स्प्लोरर तो घेत नाही, म्हणून सपोर्टच्या कामाला उपयोगाचा नाही. मॅकवर शिफ्ट, कमांड आणि ५ दाबायचं आणि ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन माइक निवडायचा. तो निवडला नाही तर व्हिडिओ मुका निघतो.

अडचण येते ती पुढे. या साधनांमधून हातात पडते फाइल. सेकंदाला अडीच मेगाबिट धरले तर मिनिटाला साधारण १९ एमबी होतात, म्हणजे तीन मिनिटांचे ५६. जीमेलची मर्यादा २५ एमबीची. त्यापुढे फाइल गूगल ड्राइव्हवर जाते आणि परवानगी मागणाऱ्या मेलचा पाऊस सुरू होतो.

ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. लांब प्रशिक्षण व्हिडिओसाठी आम्ही तेच ठेवलं, पण दोन गोष्टी सांभाळून. एक, रेकॉर्डिंग साध्या एमपी४ मध्ये करायचं नाही. एमपी४ ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते; मध्येच वीज गेली किंवा मशीन अडकलं की अख्खी फाइल उघडेनाशी होते. एमकेव्ही या दुसऱ्या फाइल-प्रकारात तोपर्यंतचा भाग वाचतो, आणि नंतर ‘फाइल’ मेन्यूतल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने काही क्षणांत एमपी४ करता येतो, दर्जा न घटता. दोन, दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर ‘डिस्प्ले कॅप्चर’मध्ये, म्हणजे पूर्ण पडदा टिपताना, काळी स्क्रीन येऊ शकते. ओबीएस एका चिपवर आणि पडदा दुसऱ्या चिपवर चालत असतो, हे त्याचं कारण. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला ‘पॉवर सेव्हिंग’ पर्याय दिला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

रोजच्या छोट्या निरोपांना मात्र ओबीएस जड पडतं, कारण ते लिंक देत नाही. लिंक देणाऱ्यांत लूम सगळ्यांना माहीत आहे. २०२३ मध्ये ॲटलासियनने ते विकत घेतलं, त्यामुळे त्याच कंपनीची जिरा (कामांची नोंद) आणि कॉन्फ्लुएन्स (टीमची कागदपत्रं) वापरणाऱ्या टीमला ते सहज जुळतं. त्याच्या फुकट योजनेत माणशी २५ व्हिडिओ आणि प्रत्येकी ५ मिनिटांची मर्यादा असते. चाचणीला पुरेशी, रोजच्या कामाला अपुरी. स्लॅक या ऑफिसच्या चॅट ॲपमधल्या क्लिपलाही ५ मिनिटांचीच मर्यादा आहे. कॅप हा मुक्त स्रोत पर्याय वेगळा आहे: त्यात स्वतःचं एस३ स्टोरेज (ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेतली फाइल ठेवायची जागा) जोडता येतं, म्हणजे व्हिडिओ एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये ठेवता येतात. ते सांभाळणारा माणूस टीममध्ये असेल तरच त्या वाटेला जावं.

चाचणी सगळ्यांची एकसारखी घेतली, आणि टीममधल्या सर्वांत कमजोर लॅपटॉपवर. बारीक अक्षरांचं एक्सेल भराभर स्क्रोल करायचं, पांढऱ्यावर लाल अक्षरं दाखवायची (फाइल लहान करायला रंगाची माहिती कमी केली जाते, तेव्हा आधी तीच फिसकटतात), मध्येच इंटरनेट बंद करायचं, आणि ॲप जबरदस्तीने बंद करून रेकॉर्डिंग मशीनवर शिल्लक राहतं का ते बघायचं. या शेवटच्या दोन चाचण्या कुणी करत नाही. माझ्या मते निम्मी निवड तिथेच होते, कारण गावाकडून मोबाइल हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांचं अपलोड तुटणारच.

आवाजाचं एक सांगतो. ब्लूटूथ हेडसेटचा माइक सुरू झाला की जोडणी बहुधा फोन-कॉलच्या प्रोफाइलवर जाते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. तुलना करताना सगळीकडे तारेचा हेडफोन वापरा.

व्हिडिओतल्या बोलण्याची आपोआप लिहून येणारी संहिता मराठीसाठी वेगळी तपासावी लागते. ‘क्लायंटला एस्केलेट केलंय, अप्रूव्हल बाकी आहे’ अशी आपली ऑफिसची भाषा; भाषा ओळखण्याचं काम यंत्रावर सोडलं तर ते हिंदीकडे झुकू शकतं. मराठी हाताने निवडता येते का ते आधी पाहा, आणि दीड, अडीच, साडेचारशे अशा आकड्यांची वाक्यं मुद्दाम बोलून बघा. ओपनएआयचं व्हिस्पर हे बोलणं लिहून देणारं सॉफ्टवेअर मराठी घेतं आणि स्वतःच्या मशीनवर चालतं, पण ग्राहकाला पाठवण्याआधी आकडे माणसानेच वाचायला हवेत.

गोपनीयतेत सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘लिंक असलेला कुणीही’ ही सेटिंग मूळ म्हणून राहू देणं. ती ॲडमिनने पूर्ण टीमसाठी बदलावी, माणसामाणसावर सोडू नये. ग्राहकाचा पॅन, आधार, मोबाइल नंबर स्क्रीनवर दिसत असेल तर व्हिडिओही वैयक्तिक माहितीच ठरतो; डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये दंडाची कमाल रक्कम २५० कोटी रुपये आहे. म्हणून डेमोसाठी खोट्या माहितीचं वेगळं खातं, पूर्ण स्क्रीनऐवजी एकच विंडो, आणि नोटिफिकेशन बंद.

खर्चाचा हिशोब डॉलरच्या किमतीवर थांबत नाही. परदेशी सेवेवर नोंदणीकृत व्यवसायाला १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे विक्रेत्याऐवजी स्वतःच, भरावा लागतो, वर कार्डाचं चलनबदल शुल्क. जागेमागे, म्हणजे वापरणाऱ्या प्रत्येकामागे, १५ डॉलर धरले तरी २० जणांचे महिन्याला ३०० डॉलर, म्हणजे २५ हजारांच्या वर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५ हजारांपुढच्या आवर्ती कार्ड-पेमेंटला दर वेळी वेगळी संमती लागते. ती चुकली की खातं मध्येच थांबतं. अशा वेळी वार्षिक पैसे भरणं सोयीचं. शिवाय आपल्या डोमेनच्या मेलने फक्त व्हिडिओ पाहणाराही पैशाची जागा अडवतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ होतंच, त्यामुळे छोट्या व्हिडिओंसाठी त्यातलं क्लिपचॅम्प हे व्हिडिओचं ॲप ठरवलं. एका क्लिपला ३० मिनिटांची मर्यादा, ती पुरते. लूमसारखी लिंक लगेच हाती येत नाही, एक्सपोर्ट होईपर्यंत थांबावं लागतं. ते आम्ही चालवून घेतलं, कारण कोण काय पाहील हे कंपनीच्या खात्यांवरूनच ठरतं. फक्त फाइल कुणाच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे वैयक्तिक क्लाउड फोल्डरमध्ये, राहू द्यायची नाही. खातं काढून टाकल्यावर ते वनड्राइव्ह मूळ सेटिंगनुसार ३० दिवसच राहतं, मग त्यातले व्हिडिओही जातात. प्रत्येक ग्राहकाचं शेअरपॉइंटवर, म्हणजे कंपनीच्या सामायिक जागेत, फोल्डर केलं, एक्सपोर्टनंतर फाइल तिथे हलवायची असं ठरलं, आणि बाहेरच्यांना ‘ठरावीक व्यक्ती’ प्रकारची लिंक. ती उघडताना ग्राहकाला मेलवर आलेला कोड टाकावा किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करावं लागतं, हे पहिल्या निरोपातच कळवून टाकतो.