कुंडल, शेणोली, वाळवा: पत्री सरकारच्या मुलखात दोन दिवस

सगळ्यात आधी एक सूचना. गळिताच्या हंगामात या भागात अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. आम्ही जानेवारीत गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी, कराड जवळ आलं असताना, दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर थेट नाकासमोर आल्यावर दिसला. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. शेजारी मामा बसले होते. ते विट्याकडचे, त्यांना याची सवय. "दमानं घे, ऊस कुठं पळून जात न्हाई," एवढंच म्हणाले. मला मात्र घाम फुटला होता.

क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे 1942 च्या चळवळीत इंग्रजांना न जुमानता गावागावांत चालवलेलं समांतर सरकार, लोकांच्या तोंडी पत्री सरकार, शाळेत चार ओळींत उरकतात, त्यामुळे एक गोष्ट डोक्यात कधी शिरत नाही. ते "साताऱ्याचं" प्रतिसरकार, पण त्यातली कितीतरी गावं आज सांगली जिल्ह्यात आहेत. 1949 साली जिल्हा तोडून दक्षिण सातारा केला, तोच 1960 मध्ये सांगली झाला. दुसरं म्हणजे त्या काळी इथे सलग इंग्रजी मुलूख नव्हताच. गोधडीला ठिगळं लावावीत तशी मधेमधे संस्थानांची गावं होती. हे कळायला पुस्तकापेक्षा गाडीच्या काचेतून बघणं बरं. एक नदी, एक डोंगर ओलांडला की अंमल बदलायचा, आणि फरारी माणसाला तेवढं पुरत असे.

म्हणून सुरुवात औंधपासून करा, पुण्यातल्या नाही, सातारा जिल्ह्यातल्या. बहुतेक लोक यमाई आणि वस्तुसंग्रहालय बघून परततात, आणि संग्रहालय खरंच बघण्यासारखं आहे. पण आपल्या विषयासाठी औंध महत्त्वाचं ते भवानराव पंतप्रतिनिधींमुळे. या राजाने 1939 साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. कुंडल आणि किर्लोस्करवाडी या औंध संस्थानातल्या. प्रतिसरकारचं सगळ्यात मोठं केंद्र कुंडललाच का उभं राहिलं, त्याचं अर्धं उत्तर इथे मिळतं. संग्रहालय उघडं आहे का ते निघण्याआधी विचारून घ्या, आणि तिथे दोन तास तरी ठेवा.

औंधहून वडूज जवळ आहे. 9 सप्टेंबर 1942 ला तिथल्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा निघाला, पुढे वडगावचे परशुराम घार्गे होते. गोळीबार झाला, घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरातही तेच झालं. तिथे पडलेल्या दोघांत एक उमाशंकर पंड्या, किर्लोस्करांच्या कारखान्यातले इंजिनिअर. मोर्च्यांवर गोळ्या चालू लागल्या तेव्हा इथल्या पोरांनी मोर्चे सोडून भूमिगत वाट धरली. वडूजला आम्ही अर्धा तासच थांबलो. गर्दी आणि भाषणं चालत असतील तर 9 सप्टेंबरलाच जा.

मुक्काम कराडला केला. स्टँडच्या आसपास लॉज मिळतात. सकाळी प्रीतिसंगमावर एक चक्कर मारा, यशवंतरावांची समाधी तिथेच आहे. रेल्वेने येणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा की कराडचं स्टेशन गावात नाही, नदीपलीकडे ओगलेवाडीला आहे. आमच्या आजीच्या घरातला प्रभाकर कंदील इथल्याच काच कारखान्यातला. मामांनी हे पाच मिनिटांत तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेणोली. माझ्यासाठी दोन दिवसांतली सगळ्यात चांगली जागा हीच, आणि बघायला गेलं तर तिथे काहीच नाही. रुळालगत एक स्मारक, आजूबाजूला शेतं. 7 जून 1943 ला तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाच्या, पोरांनी रुळावर दगड रचून इथे पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली. तेव्हा पुणे-मिरज मार्ग मीटरगेज होता. 19 हजारांवर रक्कम मिळाली. पुढच्या वर्षी, 14 एप्रिल 1944 ला, इथलीच माणसं पार धुळ्याकडे गेली आणि चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याचे साडेपाच लाख घेऊन आली, त्यापुढे ही रक्कम किरकोळ. पण शेणोलीला रुळाकडेची खडी हातात घेतली की हिशोब डोक्यात येतो. गाडी थांबवायला असे दगड किती लागतील, ते किती जणांनी वाहायचे, आणि त्यातल्या एकानेही आदल्या रात्री घरी बोलायचं नाही. आम्ही उभे असतानाच मिरजेकडची गाडी धडधडत गेली आणि मामांची टोपी उडाली. रुळ ओलांडू नका, फाटकानेच जा. सावली नाही, पाणी जवळ ठेवा.

तिथून येडेमच्छिंद्र जवळ आहे. नाना पाटलांचं गाव. मागे मच्छिंद्रगड दिसतो. तलाठ्याची सरकारी नोकरी होती, ती 1930 मध्ये सोडली. पुढे 1942 नंतर जवळजवळ चार वर्षं भूमिगत. डोक्यावर बक्षीस, तरी सापडले नाहीत. स्वातंत्र्यानंतर दोनदा खासदार झाले, 1957 ला साताऱ्यातून आणि 1967 ला बीडमधून.

वाटेत एका गावच्या हुतात्मा स्मारकाला कुलूप होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला राज्यभर एकाच धर्तीची स्मारकं बांधली, त्यातलंच एक. किल्ली ज्यांच्याकडे ते पाणी धरायला रानात गेलेले. दीड तास बसलो, शेवटी खिडकीतून नावं वाचली. आतल्या संगमरवरावर कोणीतरी युरियाची रिकामी पोती रचून ठेवली होती. चीड आली, पण बोलणार कोणाला? तुम्ही जाल तेव्हा आधी ग्रामपंचायतीत जाऊन किल्लीची चौकशी करा, तीही दुपारी बारा वाजायच्या आत.

कुंडलला निवांत वेळ द्या. जी. डी. बापू लाडांचं गाव हे. तुफान सेना इथेच उभी राहिली, बापू तिचे फील्ड मार्शल आणि रामचंद्र लाड म्हणजे कॅप्टन भाऊ. भाऊ 2022 पर्यंत होते. आपण चार-पाच वर्षं आधी का आलो नाही याची खरी हळहळ वाटली. लोकांशी बोला. पारावर बसलात की कोणीतरी विचारतंच, "कुणाकडं आलाय?" लोक दरोड्यांबद्दल कमी आणि निवाड्यांबद्दल जास्त बोलतात. प्रतिसरकारची न्यायदान मंडळं होती, सावकाराचे आणि जमिनीचे तंटे गावातच मिटायचे, दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, आणि "गांधी लग्नं" लागायची. हार घालायचे, कर्ज काढायचं नाही. बापूंचं स्वतःचं लग्न 1945 मध्ये असंच झालं.

"पत्री" शब्दावरून मात्र वाद हमखास होतो. मामांचा ठाम दावा, की गुन्हेगाराच्या पायाला बैलासारखी पत्री, म्हणजे लोखंडी नाल, ठोकायचे. पारावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांना तिथेच थांबवलं: "ठोकत न्हवते पावणं, तळव्यावर काठीनं मारायचे. प्रतीचं पत्री झालं लोकांच्या तोंडात." मला बाबांचं पटलं. खिळे ठोकल्याच्या गोष्टी ऐकायला थरारक वाटतात, पण त्या सांगताना न्यायदान मंडळं विसरली जातात, हे माझं मत. मामा अजून रुसलेले आहेत.

कुंडलहून नदी ओलांडून वाळव्याला या. नाना पाटलांचे अंत्यसंस्कार 1976 मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे इथे झाले. प्रतिसरकारातले क्रांतिकारक नागनाथअण्णा नायकवडी यांचं गावही हेच. शिराळ्याच्या डोंगरात 1946 साली पोलिसांशी झालेल्या चकमकीत त्यांचे साथीदार किसन अहिर आणि नानकसिंग पडले, आणि पुढे अण्णांनी उभ्या केलेल्या साखर कारखान्याला किसन अहिरांचं नाव दिलं. फाटकावरचा नावाचा फलक वाचायचा आणि उसाच्या गाड्यांची रांग बघायची, एवढ्यासाठी तरी थांबा.

खर्चाचं सांगायचं तर पेट्रोल सोडून फार काही लागत नाही. स्मारकांना तिकीट नाही. एसटीने होतं, पण शेणोली आणि येडेमच्छिंद्रला गाड्यांची वाट बघण्यात दिवस जातो, त्यापेक्षा किर्लोस्करवाडी स्टेशनवर उतरून दिवसभरासाठी रिक्षा ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पाण्याचा अंदाज घेतल्याशिवाय निघू नका, वाळव्याकडचे पूल बंद होऊ शकतात. चालायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त वर सांगितलेल्या ट्रॉल्यांचं ध्यान ठेवा. परतताना इस्लामपूरजवळच्या एखाद्या ढाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी खा. आम्ही चौघांसाठी सांगितलेलं दोघांनी संपवलं.