तुम्ही विचारलंत म्हणून: एमडी होऊन लॅबमध्ये काय करतेस?

लग्नात, बारशात, अगदी दहाव्यालासुद्धा कुणीतरी विचारतंच, एमडी मेडिसिन झालीस, मग दवाखाना टाकायचा सोडून उंदरांची लिव्हर कसली तपासत बसतेस? पैशाचं म्हणाल तर हो, माझ्या बॅचचे लोक माझ्या कितीतरी पट कमावतात आणि त्याचं कधीकधी वाईट वाटतं. पण "पेशंट झेपले नाहीत म्हणून रिसर्चला गेली" हे मी ऐकून घेणार नाही. लिपिडची, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या पेशंटांची, ओपीडी मी आजही करते.

एमडी करताना, रेसिडेन्सीत असताना ९ वर्षांचा एक मुलगा आला होता. कोपरांवर, गुडघ्यांवर, टाचेच्या वरच्या जाड शिरेवर पिवळट गाठी. गावाकडे चामखीळ म्हणून एकदा कापल्या होत्या, परत आल्या. कोलेस्टेरॉल ७०० च्या वर. लॅबवाल्याचा विश्वासच बसेना कारण सीरम एकदम स्वच्छ होतं (दुधाळ होतं ते ट्रायग्लिसराइड ही चरबी खूप वाढल्यावर, एलडीएलचे म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे कण इतके बारीक की नळीत कळत नाहीत), त्याने परत लावलं, तेच आलं. आईवडील आत्ये-मामे भावंडं, दोघांचंही तीनशेच्या पुढे निघालं. आई सारखी विचारायची, "मी तूप घालायचे म्हणून झालं का हो मॅडम?" नाही हो म्हटलं तरी तिला पटायचं नाही. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायचं औषध, पूर्ण डोसला नेलं, आकडा जेमतेम हलला. हलणार कसा? स्टॅटिनमुळे लिव्हर स्वतःचं कोलेस्टेरॉल कमी बनवतं आणि मग रक्तातलं एलडीएल ओढायला जास्त रिसेप्टर, म्हणजे ते पकडणारे हूक, लावतं, या पोराच्या रिसेप्टरच्या जीनच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक वडिलांकडची) बिघडलेल्या, लावायला रिसेप्टरच नव्हते. मशीनने रक्तातलं एलडीएल काढता येतं, पण दर पंधरवड्याला गावाहून आणणार कोण आणि खर्च करणार कोण. तेराव्या वर्षी शाळेच्या ग्राउंडवर गेला, हार्ट अटॅक. वडिलांनी फोन केला आणि वर मलाच म्हणाले, "तुम्ही होतं तेवढं केलंत." होतं तेवढंच होतं, तेच मला सहन झालं नाही.

ब्राउन आणि गोल्डस्टीन दोघंही डॉक्टरच. अशाच पेशंटांच्या त्वचेच्या पेशी वाढवून त्यांनी हा रिसेप्टर शोधला, १९८५ चं नोबेल त्यासाठीच. पुढे एएनजीपीटीएल३ नावाचं प्रथिन सापडलं, ते अडवलं की रिसेप्टर नसतानाही एलडीएल उतरतं, २०२१ ला त्यावरचं इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झालं, अशा मुलांचं एलडीएल जवळपास निम्म्यावर येतं. किंमत विचारू नका. माझे उंदीर याच वाटेवरचे आहेत, ते का लागतात हे आता तरी कळावं.

पण रेसिडेन्सीतली मी अजून भांडते. म्हणते, एकच प्रत बिघडलेली माणसं साधारण अडीचशेत एक असतात, त्यातल्या बहुतेकांना साधं, स्वस्त स्टॅटिन लागू पडतं आणि कित्येकांचं निदानच होत नाही, ते सोडून तू पिपेट धरून बसलीस. हिला काय सांगू? त्या मुलाची बहीण त्यातलीच, भाऊ आजारी पडला म्हणून तपासली गेली, नाहीतर कोण तपासणार होतं तिला. ओपीडीचा अजून एक दिवस मागितलाय. लॅब सोडत नाहीये.