वही परत मिळाली

आज वही परत मिळाली, अकरा दिवसांनी. जेलच्या झडतीत गेली होती. आक्षेपार्ह काही नव्हतं, "बघून देतो" म्हणून नेली आणि मग कुठल्यातरी टेबलावर पडून राहिली असणार, कारण कव्हरवर कपाचा गोल डाग आहे. माझ्या आत्मशुद्धीवर कुणीतरी कप ठेवला होता, असं मनात आलं आणि हसूच आलं, बऱ्याच दिवसांनी.

वही म्हणजे नावालाच वही. पिना आधीच काढून घेतलेल्या, म्हणून मधे दोऱ्याचे टाके घातलेत, दोरा जुन्या चादरीचा उसवलेला. पेनची नुसती रिफिल मिळते, वरची कांडी नाही, आणि नुसती रिफिल बोटात वाकते, मग तिच्याभोवती कागद गुंडाळून दोऱ्याने आवळायचा. दोन पानं लिहिली की बोटाला खळगा पडतो. लिहायचं रात्री, गिनती होऊन टाळं पडल्यावर. दिवा रात्रभर चालूच असतो त्यामुळे उजेडाची अडचण नाही, अडचण आवाजाची. बाहेरच्यांना वाटतं जेलमध्ये एकांत भरपूर, ध्यानधारणेला बरं! इथे एकांत सोडून सगळं भरपूर आहे. कुणी खोकतंय, कुणी भांडतंय, कुणी पांघरुणात तोंड घालून रडतंय आणि आपण ऐकलं नाही असं दाखवायचं.

सात महिने रोज लिहिलं. आज काय केलं, कुठे घसरलो, कशाबद्दल कृतज्ञ आहे. एका प्रवचनाला येणाऱ्या माणसाने ही पद्धत सांगितली होती, साधी आहे, वाईट नाही.

वही गेली तेव्हा पहिले दोन दिवस नुसती चिडचिड. मग टिळकांची गोष्ट आठवली. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी गीतारहस्याचा खर्डा पेन्सिलीने लिहून काढला, साधारण पाच महिन्यांत. १९१४ मध्ये सुटले तर सरकार वह्या लवकर परत देईना, लोक काळजीत, आणि हे शांत, की वह्या त्यांच्याकडे असल्या तरी पुस्तक माझ्या डोक्यात आहे, पुन्हा लिहीन. वह्या नंतर मिळाल्या म्हणा. पण मला वाटलं आपणही करून बघू, आपली तर नव्वदेक पानंच आहेत.

रात्री डोळे मिटून आठवायला बसलो आणि काहीच येईना. म्हणजे शब्द येत होते, मनःशांती, क्षमा, ईश्वरेच्छा, पण कुठल्या दिवशी काय झालं म्हणून लिहिले ते काही केल्या आठवेना, सगळी पानं एकसारखी. आठवलं ते एकच पान. शेजारच्या बाबांना वाचता येत नाही, त्यांच्या मुलीचं पत्र मी वाचून दाखवलं होतं. मुलाकातीला यापुढे येणार नाही असं तिने दोन ओळींत लिहिलं होतं, त्या मी गाळल्या. बाबा नुसते म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं हो बाबा, एवढंच. रात्री वहीत लिहिलं होतं, "आज खोटं वाचलं. त्यांना कळलं असावं." त्यात देवाचं नावसुद्धा नाही.

विनोबांनी १९३२ ला धुळ्याच्या जेलमध्ये दर रविवारी गीतेवर प्रवचन केलं, साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. ते समोर बसलेल्या कैद्यांशी बोलत होते. मी कुणाशी बोलत होतो? खरं सांगायचं तर साहेबाशी. कधीतरी झडतीत वही उघडली जाईल तेव्हा "माणूस सुधारतोय" असं दिसावं, हे कुठेतरी डोक्यात होतंच. आणि देवाशी बोलायचो तेव्हाही सूर तोच, अर्ज लिहिल्यासारखा, विनंती विशेष. अक्षर पण बघितलं आज, किती वळणदार काढलंय.

यात सगळा दोष माझाच असं मी नाही म्हणणार. इथे खरं लिहिणं धोक्याचं असतं, ज्याची केस चालू आहे त्याने तर विचार करूनच लिहावं, आणि बराकीत कुणाच्या हाताला वही लागली तर चार दिवस टिंगल होते ती वेगळीच. माणूस सावध होतो. पण सावधपणा कुठे संपतो आणि लपवाछपवी कुठे सुरू होते ते सात महिन्यांत माझं मलाच कळलं नाही.

संध्याकाळपासून वही पहिल्यापासून चाळली, एकच गोष्ट शोधत. ज्याच्यामुळे नाही, ज्याचं मी वाटोळं केलं म्हणून मी इथे आहे, त्याचं नाव. एकदाही नाही. "ती घटना" आहे, "त्या रात्री जे घडलं" आहे, आणि चौदा ठिकाणी "माझी चूक". चूक हिशोबात होते.

आत्ता नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. त्याच्या खाली त्याच्या बायकोचं लिहायला घेतलं तर माझ्या लक्षात आलं की मला ते माहीतच नाही. कोर्टात रोज समोरच्या बाकावर बसायची. जागा मोकळी सोडलीय. रिफिल संपत आलीय, शेवटची अक्षरं दोनदा गिरवावी लागली, पुढचं नवीन मिळाली की.