सरोगसी: आधी कागदपत्रं, मग दवाखाना

२५ जानेवारी २०२२ पासून भारतात पैसे देऊन सरोगसी, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या पोटात आपलं मूल वाढवणं, करता येत नाही. खर्च फक्त उपचारांचा आणि सरोगेटच्या (मूल पोटात वाढवणाऱ्या स्त्रीच्या) ३६ महिन्यांच्या विम्याचा. ती २५ ते ३५ वर्षांची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी, आणि आयुष्यात एकदाच सरोगेट होऊ शकते. मूल हवं असलेल्या जोडप्यात पत्नी २३ ते ५०, पती २६ ते ५५.

आधी जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला, मग पालकत्वासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश. या आदेशाला हलकं समजू नका, तोच पुढे जन्मदाखल्याचा आधार. दात्याचं बीज (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) हवं असेल तर मंडळाची वेगळी मान्यता लागते, आणि एक बीज तरी जोडप्याचंच हवं. सरोगेटचं स्वतःचं स्त्रीबीज मात्र चालत नाही. शिवाय गर्भ तिच्या गर्भाशयात सोडण्याआधी ती माघार घेऊ शकते, हे जोडपी हमखास विसरतात.