नांदूरमध्यमेश्वरचे चतुर: ऑक्टोबरातली फेरी

निफाडजवळच्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीत चतुर (ड्रॅगनफ्लाय) पाहायचे असतील तर चापडगावचा मनोरा सोडा, तो पक्ष्यांसाठी. खाली पाणकणीस आणि लव्हाळ्याच्या कडेला, पाणी वीतभर असेल तिथे थांबा. ऑर्थेट्रम सबिना हा दलदलीतला हिरवट चतुर अशाच जागी गवताच्या शेंड्यावर बसतो. उडवला तरी बऱ्याचदा त्याच शेंड्यावर परततो, म्हणून मागे धावू नका.

ओळख सोपी आहे. डोळे हिरवे. पोटाचे पहिले तीन खंड फुगीर, पुढे एकदम बारीक, आणि सात ते नऊ काळे. टोकाचे उपांग पांढरट. नर-मादी जवळपास सारखेच. घोळ होतो तो इक्टिनोगोम्फस रॅपॅक्समुळे: तोही काळा-पिवळा, पण अंगाने मोठा, उघड्या पाण्यातल्या वाळक्या काडीवर बसणारा. शंका आली की डोळे पाहा. रॅपॅक्सचे एकमेकांपासून सुटे असतात, सबिनाचे डोक्यावर टेकलेले. सबिना भलताच खादाड. फुलपाखरं, टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद), प्रसंगी आपल्याच जातीचे चतुरही धरतो. तोंडात शिकार असताना तो जागचा फारसा हलत नाही, फोटो तेव्हाच घ्या.

डोक्यावर घिरट्या घालणारे पँटाला जातीचे चतुर बसायचं नाव घेत नाहीत, त्यांच्यात वेळ घालवू नका.

पक्षीवाल्यांसारखं सहाला पोहोचून उपयोग नाही. अंग तापल्याशिवाय चतुर उडत नाहीत. नऊ ते बारा ही वेळ खरी. ढगाळ दिवशी मात्र घरीच बसलेलं बरं. शटर १/१००० किंवा अधिक, अ‍ॅपर्चर एफ/८, आणि कॅमेरा शरीराला समांतर. नाहीतर डोळे स्पष्ट आणि शेपूट धूसर येते. एक फोटो बाजूने, एक वरून. आपली सावली त्याच्यावर पडली की संपलं, म्हणून ऊन पाठीशी असलं तरी जरा बाजूने सरका. दुर्बीण २ मीटरपर्यंत फोकस होणारी हवी.

निघण्याआधी गंगापूर-दारणा धरणांच्या विसर्गाची बातमी बघा. विसर्ग चालू असला की काठचं गवत बुडतं आणि बसायला जागाच उरत नाही. निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात. बागेला लागून असलेल्या चारीपेक्षा आतला काठ निवडा.

हे अभयारण्य आहे, शिवाय २०१९ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), राज्यातलं पहिलं. जाळी नेऊ नका. लव्हाळ्याला चिकटलेली अळीची कात दिसली तर फोटो काढा आणि तिथेच राहू द्या. सबिना तिथेच वाढल्याचा तो पुरावा असू शकतो, नुसता उडता चतुर कुठूनही आलेला असतो.

गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा. काठाची काळी माती वरून वाळलेली दिसते, खाली चाक रुततं. गमबूट घाला आणि हातात काठी ठेवा: पाऊल टाकण्याआधी चिखल चाचपायला, आणि सापांसाठीही.