कबुतरांचं औषध

बाल्कनीतल्या कबुतरांचं काय करायचं, हे विचारायला आता आमच्या मजल्यावरचे सगळे माझ्याकडे येतात. सुरुवात बहुतेकांची एकच: "अहो, औषध मिळतं ना काहीतरी?" औषध म्हणजे विष.

नका घालू. कबूतर तडफडून मरतं, ते खाऊन घारी-घुबडंही मरतात, आणि एवढं करून कबुतरं कमी होत नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरं पकडून, गोळ्या घालून मारली. संख्या होती तिथेच राहिली. दाणे आणि बसायला जागा मिळतेय तोवर मेलेल्यांची जागा नवी पिल्लं भरून काढतात. १९८८ पासून तिथे लोकांना दाणे न टाकण्याबद्दल पटवायला घेतलं, तेव्हा कुठे चार-पाच वर्षांत थवे निम्म्यावर आले. (आमच्या खालच्या काकांना हे ऐकवून झालंय. सकाळी ज्वारी पडतेच.)

दाणे आपल्या हातात नसतील, तर निदान जागा द्यायची नाही. चकचकीत सीड्या, प्लॅस्टिकचं घुबड यांना ती चार दिवसांत सरावतात. अल्ट्रासोनिक यंत्र तर घेऊच नका, तो आवाज कबुतराला ऐकूच येत नाही. खरी कामाची एकच वस्तू, जाळी. पन्नास मिलिमीटरची भोकं चालतात, पण ती ताणून बसवायला हवी. सैल जाळीत पाय-पंख अडकले की पक्षी लटकून मरतो, आणि मग विष घालणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय?

जाळीआधी घरटं बघा. घरटं म्हणजे तरी काय, चार काड्या, केरसुणीच्या हिरा, एखादा वायरचा तुकडा. नुसत्या काड्या असतील तर उचला, दुसऱ्या दिवशी परत आणतील, परत उचला. पण दोन पांढरी अंडी दिसली तर थांबा. सतरा-अठरा दिवस उबवणं चालतं. दिवसा नर बसतो, संध्याकाळपासून सकाळपर्यंत मादी. मग पिवळी लव आणि बेढब मोठी चोच असलेली पिल्लं. आईबाप दोघंही त्यांना घशातल्या पिशवीत तयार होणारं, फाटलेल्या दुधासारखं काहीतरी भरवतात. महिनाभरात ती उडतात. तोवर जाळी लावली तर पिल्लं आत उपाशी मरतात. उडाली की मात्र त्याच दिवशी घरटं काढा, कारण जोडी लगेच पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागते. कधीकधी पहिली पिल्लं असतानाच.

विष्ठा सुकी झाडू नका. तिच्या धुळीने फुप्फुसं कायमची बिघडू शकतात. मास्क लावा, पाणी मारून भिजवा, मग खरवडा. आणि शेवटचा कोपरा बांधायच्या आधी एसीच्या बाहेरच्या युनिटमागे टॉर्च मारून बघा. तिथे हमखास एखादं दडून बसलेलं असतं.