बकरम

दुपारी कपाट आवरायला घेतलं आणि तळाशी एक जुना पांढरा शर्ट सापडला. कॉलर कडेला उसवलेली, आतून बकरमचं, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून घालतात त्या कडक कापडाचं, टोक जीभ काढून दाखवल्यासारखं बाहेर आलेलं. मी ते चिमटीत धरून जरा ओढलं. शर्ट मांडीवर राहिला, कपाट उघडंच राहिलं, आणि मी खेकड्यांचा विचार करत बसलो.

बकरम म्हटलं की पूर्वी मला फक्त आचऱ्याच्या बाजारातला आमचा शिंपी आठवायचा. जून लागायच्या आधी शाळेच्या गणवेशाचं माप द्यायला बाबा घेऊन जायचे. शिंपी तोंडातली टाचणी न काढता विचारायचा, "कॉलराक बकरम कडक घालू काय मऊ?" बाबांचं उत्तर दरवर्षी तेच: "कडक घाला. दोन वर्सां टिकाक व्हयी." ती कॉलर पहिले दोन महिने मानेला काचायची. पावसात भिजून, चुलीवर वाळून, आईच्या हातचे धोपटे खाऊन ती माणसात येईपर्यंत गणपती यायचे.

हाच शब्द गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरातल्या स्मिथ आयलंडवर, गुडघाभर पाण्यात उभा असताना, सत्तरी ओलांडलेल्या एका गोऱ्या माणसाच्या तोंडून ऐकला. त्याने गवतातून एक खेकडा उचलला, अंगठ्याने पाठ दाबून बघितली, "बकरम," म्हणाला आणि टाकून दिला. मी विचारलं, काय म्हणालात? त्याला वाटलं मला ऐकू कमी येतं. "बकरम, बकरम!" तो ओरडला. पाण्यातला एक बगळा उडाला.

खेकड्याने कात टाकली की तो आधी लोण्यासारखा मऊ असतो. मग पाण्यातला चुना अंगात मुरतो तसतसं नवं कवच घट्ट होत जातं. पहिले काही तास मऊ. मग पाठ कागदासारखी होते, तो पेपर शेल. मग दाबली तर लवते पण मोडत नाही, ती अवस्था म्हणजे बकरम. त्यानंतर मग नेहमीचा कडक खेकडा. नाव कोणी ठेवलं मला माहीत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने आयुष्यात कधीतरी कॉलर शिवलेली असणार. दाबून बघा, तंतोतंत तसंच लागतं.

मी मेरीलँडमध्ये राहायला येऊन अठरा वर्षं झाली. खेकड्यांच्या राज्यात राहतो हे माहीत होतं. इथे उन्हाळ्यात टेबलावर वर्तमानपत्र पसरतात, वर उकडलेल्या खेकड्यांचा ढीग ओततात आणि हातात लाकडी हातोडी घेऊन घरदार दोन-तीन तास ठोकाठोकी करतं. वर ओल्ड बे नावाचा मसाला. जर्मनीतून जीव वाचवून बाल्टिमोरला आलेल्या गुस्ताव ब्रुन नावाच्या ज्यू व्यापाऱ्याने १९३९ च्या सुमारास तो तयार केला. मालवणी मसाल्याची सर त्याला नाही, पण परागंदा माणसाने मिरी-मोहरी कुटून पोट भरलं म्हटल्यावर मला नावं ठेववत नाहीत. तर ही ठोकाठोकी मला पहिल्या दिवसापासून घरच्यासारखी. मऊ खेकड्याच्या वाटेला मात्र मी गेलो नव्हतो. ऑफिसजवळच्या एका ठिकाणी मे-जूनमध्ये मिळायचा: दोन पावांच्या मध्ये तळलेला अख्खा खेकडा, पाय चारी बाजूंनी बाहेर. चावून खायचा, सगळ्या कवचासकट. लोक पाच मिनिटांत संपवून मीटिंगला जायचे.

माझी तक्रार तिथेच आहे. कुर्ली पाच मिनिटांत खायची वस्तू नव्हे. डेंगे पाट्यावर वरवंट्याने चेचायचे, नळीतला गर चोखून काढायचा, फांगड्यांच्या सांध्यांतून काडीने टोकरायचं, रस कोपरापर्यंत ओघळला पाहिजे, आणि मधल्या वेळात गावातल्या दोन-तीन घरांची उणीदुणी काढून झाली पाहिजेत. जेवण संपतं तेव्हा पोट भरलेलं नसतं, दुपार भरलेली असते. कवचच नसेल तर माणसं बोलणार कधी?

पण मित्राने बेत आखला आणि मी गेलो. क्रिसफिल्डपर्यंत तीन तास गाडी. हे गाव एकेकाळी कालवांवर इतकं पोसलं की निम्मं गाव कालवांच्या कवचांच्या भरावावरच उभं आहे. पुढे बोटीने पाऊण तास. बेटावर गेलो तर उतरल्या उतरल्या कोणीतरी आठ-दहा पदरांचा केक पुढे केला. हा त्यांचा केक २००८ पासून मेरीलँडचं अधिकृत मिष्टान्न आहे. चिरोट्यासारखे पदर मोजत बसलो तेवढ्यात आमचा म्हातारा आला. तिथे त्यांना वॉटरमन म्हणतात. मासे, कालवं, खेकडे, ज्या मोसमात जे मिळेल ते. पाणी हाच धंदा.

चेसापीक बघायला अफाट आहे, लांबी तीनशे वीस किलोमीटरच्या आसपास. खोली मात्र सरासरी साडेसहा मीटरसुद्धा नाही. कडेकडेला तर पोर चालत जाईल एवढंच पाणी, आणि त्यात ईलग्रास नावाचं गवत. भाताच्या पातीसारखं लांब, हिरवं, प्रवाहाबरोबर एकाच बाजूला भांग पाडलेलं. उथळ पाण्यातच वाढतं, कारण त्याला ऊन लागतं. पाणी गढूळ झालं की मरतं. १९७२ च्या जूनमध्ये ॲग्नेस वादळाने नद्यांतून एवढा गाळ आणून ओतला की उपसागरातलं कितीतरी गवत गेलं. म्हातारा तेव्हा पोरगा होता. "दुसऱ्या वर्षी पाण्यात पाय घातला तर खाली नुसता चिखल," एवढंच म्हणाला आणि थुंकला.

खेकडे कात टाकायला या गवतात येतात. मऊ झालेला खेकडा लढू शकत नाही, पळूही शकत नाही. मासे, पक्षी सगळे टपलेले, पण सगळ्यांत मोठी भीती भाऊबंदांची. मऊ झालेल्याला बाकीचे खेकडे खातात. हे ऐकून मला कोकणातल्या जमिनीच्या कितीतरी दाव्यांची आठवण झाली, पण इंग्रजीत सांगणं जमलं नाही.

म्हातारा सपाट तळाच्या होडीच्या नाळीवर उभा, एका हातात ढकलायचा सोट, दुसऱ्या हातात लांब दांड्याचं जाळं, आपल्याकडे पोरं फुलपाखरं धरायला करतात त्याचा थोरला भाऊ. मी मागे पाण्यात. "खेकडा शोधू नकोस," तो म्हणाला, "गवत शोध. सगळं गवत इकडे वाकलंय ना? जिथे ते मनाप्रमाणे वागतंय तिथे कोणीतरी बसलाय." मी तासभर गवत बघितलं. सगळंच मनाप्रमाणे वागत होतं.

मग त्याने एक जोडी उचलली. नर वर, मादी खाली, नराने तिला पायांच्या पिंजऱ्यात धरलेलं. याला ते डबलर म्हणतात. मादी शेवटची कात टाकणार असते. तेव्हाच त्यांचं मीलन होतं, तिच्या आयुष्यात एकदाच. नर आधी काही दिवस तिला असा पोटाशी घेऊन फिरतो आणि ती पुन्हा घट्ट होईपर्यंत सोडत नाही. नराच्या पोटावरची झडप वॉशिंग्टन मॉन्युमेंटसारखी निमुळती, वयात आलेल्या मादीची कॅपिटॉलच्या घुमटासारखी. राजधानी शेजारीच असल्यामुळे इथल्या पोरांना नर-मादी ओळखायला वेगळं शिकावं लागत नाही. कॅलिनेक्टिस सॅपिडस हे या खेकड्याचं शास्त्रीय नाव मेरी रॅथबन या बाईंनी १८९६ साली ठेवलं. अर्थ 'सुंदर पोहणारा, चविष्ट'. शास्त्रज्ञ असाव्यात तर अशा. तपासणीच्या टेबलावरून त्यांचं लक्ष जेवणाच्या टेबलाकडे होतंच.

कात कधी टाकणार हे कळायची खूण मागच्या वल्ह्यासारख्या पायावर असते. म्हाताऱ्याने तो पाय उन्हासमोर धरला. शेवटच्या पेराच्या कडेला, आतल्या बाजूने, नखाच्या टोकाने ओढावी तशी एक रेघ. पांढरी असेल तर दोन आठवड्यांच्या आत, गुलाबी असेल तर आठवडाभरात, लाल असेल तर एक ते तीन दिवसांत. "दिसली?" मला काहीच दिसलं नाही. चष्मा वर केला, खाली केला. आई बेसनाच्या लाडवांना पाक करताना बोटांच्या चिमटीत ताणून दाखवायची, "बघ, आता एकतारी." तेव्हाही मी हो म्हणायचो. आताही म्हटलं.

लाल रेघवाले खेकडे घाटावरच्या टाक्यांत सोडतात आणि मग माणसं त्यांच्या बाळंतपणाला बसतात. दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, उठून टाकी बघायची. आम्ही गेलो तेव्हा एक निघत होती. मागची शिवण उसवलेली, आणि त्या फटीतून ती पाठमोरी, अगदी हळू, स्वतःतून बाहेर येत होती. डोळे निघाले, डेंगे निघाले. एवढाले फुगीर डेंगे त्या अरुंद सांध्यांतून कसे ओढले हे डोळ्यांसमोर घडूनही मला सांगता येणार नाही. शेवटी टाकीत दोन खेकडे होते, एक रिकामा आणि एक सुरकुतलेला. सुरकुतलेला पाणी पिऊन आमच्यादेखत फुगायला लागला. पाव ते एक तृतीयांश मोठा होतो म्हणे एका फटक्यात.

(आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून दोनदा एक संदेश येतो, कवच टाकल्याशिवाय वाढ नाही वगैरे, खाली उगवता सूर्य आणि जोडलेले हात. पाठवणारे माझे आत्येभाऊ गेली चाळीस वर्षं एकाच खुर्चीवर बसतात. मी अंगठा टाकतो.)

म्हाताऱ्याने तिला उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. खेकडा हातावर घेतला की माझी बोटं आपोआप मागून धरायला जातात, लहानपणीची सवय. तिने काहीच केलं नाही. डेंगा उचलला आणि तो स्वतःच्याच वजनाने खाली लवला. स्पर्श ओल्या पापडाचा. लाटून नुकत्याच टाकलेल्या, अजून कडा न वाळलेल्या पापडाचा.

आणि मला आजी ऐकू आली.

आचऱ्याच्या खाडीला ओहोटी लागली की आजी लुगडं खोचून कांदळीत शिरायची. हातात लोखंडी आकडी. बिळाच्या तोंडावरचा चिखल बघूनच तिला कळायचं घरात कोणी आहे की नाही. आकडी आत, मनगटाची एक फिरकी, आणि बाहेर हिरवट काळी कुर्ली डेंगे परजत. माझं काम टोपली धरायचं आणि घाबरायचं. एकदा मुळांच्या बेचक्यात मला स्वतःला एक सापडली. बिनबोभाट हातात आली, चावली नाही. मी ओरडत गेलो तिच्याकडे. तिने बोटाने दाबून बघितलं. "सोड तिका," म्हणाली, "पोकळ आसा ती. अवशेक भरान येतली." माझं तोंड पडलेलं बघून पुढे म्हणाली, "जिच्यात काय नाय तिका खावन काय करतलस?"

पुनवेच्या कुर्ल्या पोकळ, अवसेच्या भरलेल्या, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक. हाच हिशेब म्हाताऱ्याकडे निघाला. मेमधली पौर्णिमा, म्हणजे बहुधा आपली वैशाखी, ती आली की कात टाकणाऱ्या खेकड्यांची पहिली लाट येते असं तो म्हणाला. त्या दोघांनी एकच चंद्र बघून उलट कामं केली. तिने त्या दिवसांत टोपली भिंतीला टांगली, याने वर्षाची कमाई केली. मी त्याला आजीचं सांगितलं. त्याने जरा विचार केला. "तुझ्या आजीला गिऱ्हाईक भेटलं नव्हतं," म्हणाला.

ते खरंच असेल. मऊ खेकडे आकाराने विकतात: मीडियम, हॉटेल, प्राइम, जंबो, सगळ्यांत मोठा व्हेल. माझ्या हातावरची हॉटेल होती. सोडून द्यायचा विचार आला होता, नाही असं नाही. पण टाकी त्याची, वीज त्याची, रात्रीचं उठणं त्याचं. माझी आजी मध्ये आणायला ती काय त्याच्या घरची होती? मी पैसे दिले. त्याने कात्रीने तोंडाकडची पट्टी कापली, कल्ले काढले, पोटाची झडप काढली. तीन कात्र्या. निघताना तिचं टाकलेलं कवच वर्तमानपत्रात गुंडाळून फुकट दिलं.

घरी आल्यावर रवा, लाल तिखट, हळद, आगळ लावून तव्यावर तळली. बायको खेकडा खात नाही, पण खेकड्यांबद्दल तिची मतं ठाम आहेत. ती खिडक्या उघडून दुसऱ्या खोलीत गेली. मी एकटाच बसलो. चव चांगली होती. चांगली म्हणजे, खोटं कशाला बोलू, फारच चांगली होती. आजीचं 'काय नाय' मला कुठे लागलं नाही. पाच मिनिटांत संपली.

कवच अजून माझ्या टेबलाजवळच्या खिडकीत आहे. दोन आठवडे गच्चीत वाळवलं तेव्हा वास गेला, असं माझं मत आहे. अख्खं आहे, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट. वारा आला की जागेवर फिरतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा बायको दारातच थांबली होती.

"आत कोणी नाही ना?"

"नाही. निघून गेली."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि कुठे गेली ते काही तिने विचारलं नाही.